बुधवारचा देव आणि आमच्या बाई

डॉ. सुनंदा तासगावकर यांची आणि माझी पहिली भेट चौकोनांमुळे झाली. अकरा वर्षांपूर्वी मी नागपूरहून कामाच्या व्हिसावर अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरला नुकताच आलो होतो. इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक दिवस निरोप झळकला : 'माझ्या नव्या कम्प्युटरवर जुनी अक्षरं चौकोन होऊन दिसत आहेत. तीनशे पानं टाइप करून झाली आहेत. कुणी मदत करील का?' मला वाटलं, मोडी लिपीचं काही काम असेल. शनिवारी सकाळी दिलेल्या पत्त्यावर गेलो. साठी ओलांडलेल्या, सुती साडीवर जाड स्वेटर घातलेल्या बाईंनी दार उघडलं आणि नाव विचारायच्या आधी म्हणाल्या, "बूट काढ आणि आधी चहा घे. चौकोन कुठे पळून जात नाहीत."

चहा फार वाईट होता. तो आजही तसाच असतो, आणि बाईंच्या सगळ्या विद्यार्थ्यांनी तो बिनतक्रार प्यायला आहे. फॉन्टचं काम तासाभरात झालं. चौकोनांच्या जागी अक्षरं उमटली तेव्हा मी चक्रावलो. ते मोडी नव्हतं, इंग्रजीही नव्हतं. "हे काय आहे?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "ओडिन. इंग्रजीतला बुधवार ज्याच्या नावाचा आहे ना, तो देव. तू दर आठवड्याला त्याचं नाव घेतोस, फक्त तुला माहीत नाही." दुपारी मी कढी-खिचडी खाऊन घरी परतलो तेव्हा या देवाची निदान वीस नावं मला कळली होती.

ज्यांना बाईंचं काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ख्रिस्ती धर्म येण्याआधी युरोपच्या उत्तरेकडे जे जर्मानिक लोक राहत, त्यांच्या देवांचा प्रमुख म्हणजे ओडिन. तो युद्धाचा देव, तसाच कवितेचाही. मंत्रतंत्र जाणणारा, मेलेल्यांचा धनी, फाशी गेलेल्यांचा देव, आणि लांब टोपी डोळ्यांवर ओढून दारोदार फिरणारा वाटसरूही तोच. ज्ञानाच्या विहिरीतलं पाणी प्यायला मिळावं म्हणून त्याने स्वतःचा एक डोळा दिला. अक्षरांचं गुपित कळावं म्हणून अंगात भाला खुपसलेला असताना नऊ रात्री अन्नपाण्यावाचून झाडाला लटकून राहिला. अशा देवाला एक नाव कसं पुरणार? बाईंनी चाळीस वर्षं या नावांचा अभ्यास केला.

मूळच्या त्या सांगलीच्या. संस्कृत घेऊन एम.ए. झालेल्या. लग्नानंतर वसंतरावांबरोबर अमेरिकेत आल्या आणि इथल्या विद्यापीठात भाषाशास्त्राच्या वर्गात बसू लागल्या. एक दिवस शिक्षकांनी उत्तरेकडची एक जुनी कविता वाचायला दिली. ती देवाच्या नावांनी भरलेली होती. बाईंचे वडील रोज सकाळी विष्णुसहस्रनाम म्हणत. "मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं रे," त्या सांगतात. "मग हळूहळू फरक कळला. विष्णूची नावं त्याला हाक मारण्यासाठी आहेत. याची बरीचशी नावं त्याने लपण्यासाठी घेतलेली आहेत." बाईंचा प्रबंध या एका निरीक्षणातून उभा राहिला. सांगलीच्या नातेवाइकांनी विचारलं होतं, आपले देव कमी पडले का? बाईंनी उत्तर दिलं, "आपल्याकडे इतके आहेत म्हणूनच तर हा ओळखीचा वाटला."

शिक्षक म्हणून बाई कडक आहेत. उच्चार चुकला तर त्या वाक्य पुढे जाऊ देत नाहीत, मग समोर प्राध्यापक असोत की पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. पण हा कडकपणा माणसाला एकटं टाकत नाही, हे मी स्वतः अनुभवलं आहे. येऊन तीन वर्षं झाली तेव्हा माझी नोकरी गेली. व्हिसाच्या नियमाप्रमाणे साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही तर गाशा गुंडाळायचा. बायको तेव्हा गरोदर होती. मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. बाईंना फोनवरच्या आवाजावरून कळलं. "उद्या सकाळी नऊला लॅपटॉप घेऊन ये," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर रोज नऊ ते एक मी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसून अर्ज लिहिले. बाई समोर बसून आपलं काम करत. माझं प्रत्येक पत्र त्या वाचत आणि म्हणत, "हा माणूस फार गयावया करतो. पुन्हा लिही." एक्कावन्नाव्या दिवशी मला नोकरी मिळाली. पेढे घेऊन गेलो तर बाई म्हणाल्या, "उद्या नऊला येऊ नकोस. माझं काम फार मागे पडलंय."

पण मला बाईंच्या या गौरवग्रंथासाठी लिहायला सांगितलं गेलं ते वेगळ्या कारणाने. बाईंच्या बुधवारांचा मी साक्षीदार आहे, आणि ती हकीकत आपल्या मंडळींपैकी फार थोड्यांना माहीत आहे.

बाई निवृत्त झाल्या त्याच वर्षी त्यांना एक पत्र आलं. दीड तासाच्या अंतरावर एक तुरुंग आहे. तिथल्या पाद्रींनी ते लिहिलं होतं. दहा कैद्यांनी अर्ज केला होता की आम्ही ओडिनला मानतो, आम्हाला आठवड्यातून एकदा उपासनेसाठी खोली द्या. पाद्रींना कळेना, हा खरंच धर्म आहे की टोळीचं निमित्त. द्वेष पसरवणाऱ्या काही टोळ्यांनी या देवाची जुनी चिन्हं उचलून अंगावर गोंदवून घेतली आहेत, गोऱ्यांखेरीज कुणाचाच हा देव नाही असं त्या सांगत फिरतात. आपण येऊन या लोकांना शिकवाल का, आणि जमल्यास आम्हालाही समजावून सांगाल का, असं पाद्रींनी विचारलं होतं.

बाईंचे चिरंजीव निखिल दूर अल्फारेटाला असतात. त्यांना कळलं तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि मी समोर होतो. "आई, आर यू सिरियस? ते लोक आपल्यासारख्यांना हेट करतात. प्लीज, कॅन्सल कर."

"हेट करतात हे मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "कुणाचं नाव घेऊन करतात तेही माहीत आहे. ते नाव माझ्या आयुष्याचं काम आहे, निखिल. ते त्यांच्याकडे तसंच सोडून मी घरी बसून निवृत्ती उपभोगू का?"

शेजारी बसलेल्या वसंतरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि म्हणाले, "तिला हायवेवर ड्राइव्ह करता येत नाही, एवढीच काय ती अडचण आहे." अशा रीतीने मी सारथी झालो. रीतसर अर्ज भरून मला मदतनीस म्हणून आत जायची परवानगीही मिळाली.

पहिल्या बुधवारी तपासणीच्या दाराशी बाईंच्या पदराची पिन काढून घेतली गेली. टोकदार वस्तू आत चालत नाही. बाई पदर खांद्यावर धरून आत गेल्या. पुढच्या बुधवारी त्या पदराला घरूनच दोन टाके घालून आल्या.

खोलीत दहा जण होते. नऊ बसलेले, एक उभा. उभा होता तो हॉलिस. पन्नाशीचा, धिप्पाड, मानेवर गोंदलेला. तो बाईंकडे न बघता पाद्रींना म्हणाला, "ही बाई आम्हाला आमच्या देवाबद्दल सांगणार? तो आमच्या रक्ताचा देव आहे."

बाई शांतपणे म्हणाल्या, "मिस्टर हॉलिस, बसायचं नसेल तर उभे राहा. पण तुम्ही त्याचं जुनं नाव चुकीचं उच्चारता. ते आधी नीट करू."

कुणीतरी खुदकन हसलं. बाईंनी उच्चार तीनदा करून दाखवला, सगळ्यांकडून म्हणवून घेतला आणि एक गोष्ट सांगितली. एका राजाकडे ओडिन वेश पालटून, खोटं नाव सांगून आला. राजाला संशय आला. त्याने पाहुण्याला दोन आगींच्या मध्ये आठ रात्री बसवून ठेवलं. कुणी घोटभर पाणी दिलं नाही. शेवटी राजाचा लहान मुलगा पुढे झाला आणि त्याने प्यायला दिलं. तेव्हा पाहुणा आपली नावं एकेक करून सांगू लागला. राजाला कळलं हा कोण आहे, तो धडपडत उठला आणि स्वतःच्याच तलवारीवर पडला. राज्य मुलाला मिळालं.

"मग?" हॉलिसने विचारलं. तो अजून उभाच होता.

"मग काही नाही," बाई म्हणाल्या. "आपली वेळ संपली."

त्यानंतर सव्वा वर्ष एकही बुधवार चुकला नाही. दर आठवड्याला ओडिनचं एक रूप. तो कवितेचं पेय कसं पळवतो ही गोष्ट चालू असताना एकाने विचारलं, "प्रोफेसर, या चोरीबद्दल त्याला किती वर्षं झाली?" बाई म्हणाल्या, "त्याला कुणी पकडू शकलं नाही." "मग तो आमच्यातला नाही," तो म्हणाला आणि खोली हसून हसून दमली. बाई प्रत्येकाला आडनावाआधी मिस्टर लावून हाक मारत. तिथे त्यांना एरवी नंबर असतो. हॉलिस दर बुधवारी यायचा आणि भिंतीला टेकून उभा राहायचा.

मग तुरुंगाच्या अंगणात मारामारी झाली. त्यात या वर्गातले दोघे होते. झडतीत हॉलिसच्या वहीत त्या टोळ्यांचं चिन्ह सापडलं. वरिष्ठांनी बाईंकडे लेखी मत मागितलं, की या लोकांची श्रद्धा खरी आहे का. सगळं त्या कागदावर अवलंबून होतं. 'खरी आहे' असं एका ओळीत लिहून दिलं असतं तर वर्ग चालू राहिला असता.

बाईंनी मत लिहिलं, पण पाठवण्याआधी वर्गात आणलं. "तुमच्याबद्दल मी जे लिहिलंय ते तुमच्या पाठीमागे जाणार नाही," त्या म्हणाल्या आणि सगळं वाचून दाखवलं. बहुतेकांची श्रद्धा खरी आहे, वर्ग बंद करणं चुकीचं ठरेल, मात्र काही जण या देवाचं नाव द्वेषासाठी वापरतात आणि जुन्या ग्रंथांत त्याला आधार नाही. शेवटचं वाक्य होतं : मिस्टर हॉलिस यांच्याबद्दल मला अजून खात्री देता येत नाही.

"वहीतलं चिन्ह तुम्ही काढलंत?" बाईंनी विचारलं.

"हो."

"कुणासाठी?"

निघताना दाराशी हॉलिस म्हणाला, "तुम्ही आमचा बुधवार घेऊन टाकलात, प्रोफेसर."

परतताना गाडीत बाई म्हणाल्या, "मकरंद, मी एक ओळ खोटी लिहिली असती तर कुणाला कळलं नसतं रे."

"मग लिहिली का नाहीत?"

"मग पुढच्या बुधवारी त्यांना कोणत्या तोंडाने शिकवलं असतं?"

पुढचा बुधवार आलाच नाही. वरिष्ठांनी वर्ग बंद केला. बाईंनी ते मनाला फार लावून घेतलं. पण आठ दिवसांत त्यांनी मार्ग काढला. दर बुधवारी त्या एक धडा हाताने लिहीत, त्याच्या दहा प्रती मी काढायचो, आणि दहा पाकिटं दहा नावांनी टपालात पडायची. नऊ पोचायची. हॉलिसचं पाकीट 'घेण्यास नकार' असा शिक्का घेऊन परत यायचं. बाई ते फ्रिजवर ठेवत आणि पुढच्या आठवड्यात नवीन लिहीत. एकदा मी म्हणालो, "बाई, जाऊ द्या ना आता. नऊ जण घेताहेत." त्या म्हणाल्या, "दहा जण आहेत."

त्याच दिवसांत वसंतराव गेले. हृदयाचं दुखणं जुनंच होतं, डॉक्टरांनी आधी कल्पना दिली होती. निखिल आणि सूनबाई आले होते. अंत्यसंस्कारानंतरच्या बुधवारी मी सकाळी घरी गेलो तर बाई टेबलाशी बसून पाकिटं बंद करत होत्या. डोळे सुजलेले होते. "बाई, आज?" मी म्हणालो. त्यांनी वर पाहिलं. "आज बुधवार आहे ना?" निखिल दारात उभे होते. ते बाईंच्या शेजारी बसले आणि पाकिटांवर तिकिटं चिकटवू लागले.

त्या खेपेला हॉलिसचं पाकीट परत आलं नाही. उत्तरही आलं नाही.

पाद्री आणि बाई वरिष्ठांच्या कचेरीत तीनदा जाऊन आले. पाच महिन्यांनी वर्ग पुन्हा सुरू झाला. त्या दिवशी हॉलिस खुर्चीवर बसलेला होता. बाई आत आल्यावर तो उठून उभा राहिला, म्हणाला, "पाद्रींनी सांगितलं. तुमच्या मिस्टरांचं ऐकून वाईट वाटलं," आणि पुन्हा बसला.

धडा होता पित्याचा. ओडिनचा सगळ्यात लाडका मुलगा मारला जातो, आणि ते होणार हे त्याला आधीच कळलेलं असतं. ज्याने डोळा देऊन ज्ञान मिळवलं, त्याला मुलगा वाचवता येत नाही. हॉलिसने हात वर केला. इतक्या बुधवारांत पहिल्यांदाच.

"त्याला माहीत होतं, तर त्याने थांबवलं का नाही?"

बाई म्हणाल्या, "माहीत असलेलं सगळं आपल्या हातात नसतं, मिस्टर हॉलिस. मलाही डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं."

मग हॉलिस खाली बघत म्हणाला, "मला एक मुलगी आहे. ती बोलत नाही माझ्याशी."

"तुम्ही लिहिता का तिला?"

"ती पत्र परत पाठवते."

"पुढचं पाठवा," बाई म्हणाल्या.

हॉलिसने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्याला काय आठवलं ते त्या खोलीत सगळ्यांनाच कळलं. बाईंनी पुढचा परिच्छेद वाचायला घेतला.

काही महिन्यांनी एक नवीन कैदी दाराशी आला. तरुण, कृष्णवर्णीय, हातात ग्रंथालयातलं पुराणकथांचं पुस्तक. मला बसता येईल का, असं त्याने विचारलं. सगळ्यांच्या नजरा हॉलिसकडे वळल्या. माझीही. हॉलिसने पायाने एक खुर्ची पुढे सरकवली. "बस," तो म्हणाला. "पण आधीच सांगतो, उच्चार चुकला तर या प्रोफेसर सोडत नाहीत."

बाईंनी पुस्तकात तोंड खुपसलं. त्या दिवशी त्यांना पान सापडायला फार वेळ लागला.

हॉलिसची गेल्या वर्षी सुटका झाली. तो बहिणीकडे राहतो, गॅरेजमध्ये काम करतो आणि अधूनमधून बाईंना पत्र लिहितो. मुलीचं उत्तर आलं का, हे मला माहीत नाही. बाईंना माहीत असावं. त्या सांगत नाहीत, आणि विचारलं तर चहा करायला उठतात.

पंचाहत्तरीनिमित्त हा गौरवग्रंथ काढायचं ठरलं तेव्हा बाईंनी बराच विरोध केला. मी गमतीने म्हटलं, "बाई, लेखाच्या शेवटी तुमच्या दीर्घायुष्यासाठी ओडिनकडे मागणं मागतो." त्या घाईघाईने म्हणाल्या, "अरे, भलतंच काय! त्याच्याकडे आयुष्य कुणी मागत नाही. ज्यांच्यावर त्याची मर्जी असते त्यांना तो ऐन लढाईत दगा देतो आणि लवकर आपल्या महालात बोलावून घेतो. चांगली माणसं त्याला शेवटच्या युद्धासाठी हवी असतात."

तेव्हा बाईंसाठीचं मागणं आम्ही सांगलीच्या गणपतीकडे मागतो. त्यांना भरपूर, निरोगी आयुष्य मिळो, दुखरे गुडघे बरे होवोत आणि हातातलं पुस्तक त्यांच्या मनासारखं पुरं होवो. आणि त्या एकडोळ्या वाटसरूला हात जोडून एवढंच सांगतो : बुवा, चाळीस वर्षं बाईंनी तुमचं नाव जपलं आहे, त्या तुम्हाला आवडत असणार हे आम्ही समजू शकतो. पण आमचं अजून शिकून झालेलं नाही. तुमचं युद्ध थोडं थांबू द्या.